प्लस कुठली दिशा घ्यायची?

गतीच्या गणितांचा पहिला स्वाध्याय दिला की आठवड्याने टेबलावर जमणाऱ्या वह्यांतल्या निम्म्याअधिक एकाच जागी थांबलेल्या असतात. वर ‘दिलेले’ असं अधोरेखित केलेलं. त्याखाली यू, व्ही, ए, एस, टी ही पाच अक्षरं एकाखाली एक. दोनांपुढे आकडे, बाकीच्यांपुढे प्रश्नचिन्हं. मग ‘सूत्र’ हा शब्द आणि तिन्ही समीकरणं, चौकटीत, लाल पेनाने. आणि मग कोरं पान. प्रश्न दुसरा, पुन्हा तेच.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवते. मुलं आसपासच्या खेड्यांतून एसटीच्या पासावर येतात. त्यांना समीकरणं येत नाहीत असं मुळीच नाही. नववीच्या विज्ञानात पहिलाच धडा गतीच्या नियमांचा, दहावीत पहिलाच गुरुत्वाकर्षणाचा. विस्थापन, वेग, त्वरण ही मंडळी त्यांना दोन वर्षं ओळखीची असतात. झोपेतून उठवून विचारलं तरी ‘व्ही स्क्वेअर इज इक्वल टू यू स्क्वेअर प्लस टू एएस’ न अडखळता म्हणतील. तरीही वही कोरी. यावर स्टाफरूमचं मत ठरलेलं आहे: वाचत नाहीत, हातात मोबाइल आहे, दहावीचे मार्क फुगवलेले आहेत. मला ते पटत नाही. कोऱ्या पानाशेजारी स्टूल ओढून बसलं की लक्षात येतं, मूल सूत्रापाशी अडलेलं नसतंच. ते त्याच्या बरंच अलीकडे अडलेलं असतं, आणि तिथून एकच प्रश्न विचारत असतं. दरवर्षी, नवी मुलं, तोच प्रश्न.

‘मॅडम, प्लस कुठली दिशा घ्यायची?’

‘तू ठरव,’ असं म्हटलं की चेहरा पडतो. मॅडमना सांगायचं नाहीये, किंवा आपण विचारू नये ते विचारलं, असं काहीसं त्यावर उमटतं. मुलाचं चुकत नाही. दहा वर्षांच्या शाळेत समास किती सोडायचा, शीर्षक कुठल्या शाईने लिहायचं, उत्तर किती ओळींत संपवायचं, सगळं कुणीतरी सांगितलेलं असतं. भूमितीत पक्ष दिलेला, साध्य दिलेलं; आपण मधली सिद्धता भरायची. आणि इथे गतीच्या गणितात शून्य कुठे मानायचं, घड्याळ कधी सुरू करायचं आणि धन दिशा कुठली, या तिन्ही गोष्टी प्रश्नात नसतात. कुणी द्यायला विसरलेलं नसतं. त्या ज्याच्या त्याने ठरवायच्या असतात, आणि कशाही ठरवल्या तरी चालतं. ‘कसंही चाललं तर ते बरोबर कसं?’ हा त्या वयाचा अगदी प्रामाणिक प्रश्न आहे. त्याला शब्दांनी उत्तर देऊन उपयोग होत नाही, असं माझं मत झालंय. दाखवावं लागतं.

दाखवायला मी फुग्याचं गणित घेते. जुनंच आहे, कुठल्याही गाइडात सापडेल. सेकंदाला 5 मीटर वेगाने सरळ वर चढणारा फुगा जमिनीपासून 60 मीटरवर असताना त्यातून एक दगड सोडला. तो किती वेळाने जमिनीवर पडेल? आकडेमोड सोपी राहावी म्हणून जी 10 धरायचा. वर्गातली बहुतेक मुलं ‘सोडला’ हा शब्द वाचतात आणि यू बरोबर शून्य लिहून मोकळी होतात. उत्तर साडेतीन सेकंदांच्या जरा अलीकडे येतं. उत्तर आलं म्हणजे गणित सुटलं, अशा समाधानात पेनाचं टोपण लागतं.

मग मी विचारते, चालत्या एसटीतून उतरणारा माणूस पाय जमिनीला लागल्यावर चार पावलं पुढे का पळतो? हा अनुभव वर्गात सगळ्यांना आहे, कारण आमच्या फाट्यावर गाडी पूर्ण थांबेल याची खात्री नसते. उत्तर लगेच येतं: गाडीचा वेग अंगात असतो. मग फुग्याचा वेग दगडाच्या अंगात नसेल का? थोडी शांतता. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, ‘म्हणजे दगड आधी वर जाणार?’ हो, वर जाणार. अर्धा सेकंद वरच जातो, सव्वा मीटर चढतो, तिथे क्षणभर त्याचा वेग शून्य होतो आणि मग सव्वाएकसष्ट मीटर खाली येतो. खाली यायला बरोबर साडेतीन सेकंद. एकूण चार.

इथे वर्गाचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो दोन भाग करायचे, वर जाताना जी मायनस, खाली येताना जी प्लस. त्यांना कुणीतरी कधीतरी असंच शिकवलेलं आहे आणि ते त्यांनी मनापासून धरून ठेवलंय. जणू दगड टोकाला पोहोचला की पृथ्वी आपलं चिन्ह बदलते. माथ्यावर वेग शून्य असतो हे मुलं पटकन मानतात, पण त्या क्षणीही त्वरण खाली, दहाचं दहाच आहे, हे मानताना कचरतात. मी वाद घालत नाही. दोघींना फळ्यापाशी बोलावते. एकीने वरची दिशा धन धरायची, दुसरीने खालची. दोघींचं शून्य फुगा जिथे होता तिथे. पहिली लिहिते: उणे 60 = 5टी − 5टी². दुसरी लिहिते: 60 = −5टी + 5टी². मध्ये मी फक्त उभी असते. दोघी पाचाने भागतात, बाजू बदलतात, आणि फळ्याच्या दोन्ही टोकांना एकच ओळ उमटते: टी² − टी − 12 = 0. चार.

यंदा हे झालं तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. मला वाटलं आता काहीतरी उजळल्यासारखं बोलणार. तो म्हणाला, ‘ते ठीक आहे मॅडम, पण पेपरात यातलं कुठलं लिहायचं?’

सगळे हसले, मीही हसले. पण या एका प्रश्नात आमच्या शिक्षणाचं निम्मं दुखणं आहे, असं मला वाटत राहिलं. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात हे डोळ्यांनी पाहूनही ‘मान्य कुठली’ हे विचारावंसं वाटतं.

त्या समीकरणाला दुसरंही उत्तर आहे: उणे तीन. ‘वेळ ऋण नसते म्हणून नाकारले’ असं लिहून ते खोडायची पद्धत आहे. मार्कही मिळतात. पण फळ्यावरच्या त्या दोघींपैकी एकीने खोडायच्या आधी विचारलं, ‘मग ते आलंच कशाला?’ असा प्रश्न वर्षाकाठी एखाद्या वेळी येतो, आणि आला की पोर्शन मागे पडला तरी हरकत नाही. मी म्हटलं, घड्याळ तू कधी सुरू केलंस? दगड सोडला तेव्हा. मग त्याच्या तीन सेकंद आधी काय चाललं होतं ते बघ. तिने वेग काढला: वर, 35. जागा काढली: जमीन. म्हणजे जमिनीवरून कुणी सेकंदाला 35 मीटर वेगाने दगड वर फेकला असता, तर तीन सेकंदांनी तो 60 मीटरवर, फुग्याच्या शेजारून, नेमका 5 वेगाने वर जाताना दिसला असता. पुढचा प्रवास अगदी तोच. समीकरणाला फुगा माहीतच नाही. त्याला फक्त जागा, वेग आणि त्वरण कळतं. घड्याळ सुरू करायचा क्षण आपला, फुगाही आपलाच. ती जागेवर जाताना म्हणाली, ‘म्हणजे शून्याच्या आधी पण दगड होताच.’ मी ते वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी केमिस्ट्रीच्या सरांनी पुसलं.

इंग्रजीचा जाच वेगळाच. अकरावीला सायन्स इंग्रजीतून सुरू होतं आणि शून्यं शब्दांत लपून बसतात. ‘स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट’ म्हणजे यू शून्य, ‘कम्स टू रेस्ट’ म्हणजे व्ही शून्य. एकदा दाखवली की मुलं ती शोधायला शिकतात. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही.

ठरवण्याइतकंच अवघड काम सोडून देण्याचं. पुस्तकात मोटार आणि ट्रकचं एक गणित असतं. सिग्नलला उभी मोटार, शेजारून एकसमान वेगाने ट्रक जातो, त्याच क्षणी मोटार निघते. ती ट्रकला कधी गाठेल? आमच्याकडे सिग्नल पाहायला सोलापूरला जावं लागतं, म्हणून मी तिथे उसाचा ट्रॅक्टर घालते. ताशी 18 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 5 मीटर. रस्त्याकडेला चहाच्या टपरीपाशी मोटारसायकल उभी आहे. ट्रॅक्टर समोरून गेला त्या क्षणी ती निघाली, त्वरण सेकंदाला सेकंदाला 1 मीटर. नावं गावची घातली की गणित सोपं होतं असा एक समज आहे. तसं काही होत नाही. होतं एवढंच, की मुलांना तक्रार करायला जागा सापडते.

आणि तक्रार आली. गाडी चालवणाऱ्या एका मुलाने (लायसन्सबद्दल मी विचारलं नाही) सांगितलं, ‘मॅडम, अशी गाडी निघतच नाही. फर्स्ट टाकला की झटका, मग सेकंड, मधे क्लच दाबला की जोर जातो. एकसमान त्वरण कुठंय?’ त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि त्यामुळेच त्याचं पान कोरं होतं. त्याला गाडी इतकी नीट माहीत होती की गणितातली गाडी त्याला खोटी वाटत होती. ज्या मुलांना काहीच वाटत नव्हतं त्यांनी आकडे घालून टाकले होते. मी त्याला म्हटलं, ती गाडी खोटीच आहे. तिला गिअर नाहीत, चाकं नाहीत, लांबी नाही, वर बसलेला माणूसही नाही. रस्त्यावरून सरकणारा तो एक ठिपका आहे. कायकाय सोडून दिलंय याची यादी कर. त्याने यादी केली. गिअर, वारा, चढ, मागे बसलेला, ब्रेक. मग म्हणाला, ‘आता होईल.’

झालं नाही, पण निघाला तरी. पाच सेकंद असं उत्तर काढलं. वर्गात निम्म्यांचं तेच होतं. पाच सेकंदांनी मोटारसायकलचा वेग 5 होतो, ट्रॅक्टरचाही 5, म्हणजे गाठलं. यात आमच्या तालुक्याचं विशेष काही नाही. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड ट्रोब्रिज आणि लिलियन मॅकडरमॉट यांनी कॉलेजच्या मुलांना दोन पट्ट्यांवरून धावणारे दोन गोळे दाखवले होते आणि विचारलं होतं, यांचा वेग कधी सारखा असतो? कितीतरी मुलांनी बोट ठेवलं ते गोळे शेजारीशेजारी आले त्या क्षणावर. 1980 साली त्यांनी ते ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये छापलं. जागा आणि वेग यांची अशी गल्लत मराठी माध्यमामुळे होते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे सांगितलं.

पाच सेकंदांवाल्यांना मी इतकंच विचारलं: त्या क्षणी दोघं कुठे आहेत? ट्रॅक्टर टपरीपासून 25 मीटरवर. मोटारसायकल साडेबारावर. म्हणजे अर्ध्याच वाटेवर. शिवाय तोपर्यंत ट्रॅक्टर सतत पुढे पुढेच जात होता. अंतर सगळ्यांत जास्त याच क्षणी आहे आणि इथून पुढे ते कमी व्हायला लागणार. ‘गाठलं’ म्हणता म्हणता नेमका सर्वांत लांबचा क्षण हातात आलेला. गाडीवाल्या मुलाला हे इतकं लागलं की त्याने स्वतःच आलेख काढायला घेतला.

वेग-काल आलेखात ट्रॅक्टर म्हणजे आडवी रेष, पाचावर. मोटारसायकल म्हणजे शून्यातून चढत जाणारी तिरकी रेष. दोन्ही रेषा पाचव्या सेकंदाला एकमेकींना छेदतात, आणि डोळ्याला तिथेच भेट झाल्यासारखं वाटतं. फसवणूक तिथेच आहे. या आलेखात अंतर रेषेवर नसतं, रेषेच्या खाली असतं, क्षेत्रफळात. ट्रॅक्टरच्या खाली आयत, मोटारसायकलच्या खाली त्रिकोण. दोघांचा पाया एकच, वेळ. क्षेत्रफळं सारखी व्हायची तर त्रिकोणाची उंची आयताच्या दुप्पट हवी. म्हणजे गाठते तेव्हा मोटारसायकलचा वेग 10 असलाच पाहिजे. दहा सेकंद, पन्नास मीटर. ताशी 36.

त्याने वहीवरून मान वर केली. ‘मॅडम, मग त्वरण कितीही असू दे ना? दुप्पटच होणार.’

हे मी सांगितलेलं नव्हतं, पुस्तकातही या गणितापाशी ते लिहिलेलं नाही. गाडी हळू निघो की जोरात, उभ्या जागेवरून एकसमान त्वरणाने निघून जिला गाठायचं तिला गाठताना तिच्या दुप्पट वेगात असणार. वेळ बदलेल, जागा बदलेल, दुप्पट बदलणार नाही. बीजगणिताने हे दोन ओळींत निघतं, पण त्याला ते त्रिकोणात दिसलं. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या विद्वानांनी हाच नियम शब्दांत मांडला होता: शून्यापासून एकसमान वाढत गेलेला वेग जितकं अंतर काटतो, तितकंच अंतर त्याच वेळात शेवटच्या वेगाच्या निम्म्या वेगाने काटलं जातं. पुढे त्याच शतकात फ्रान्समध्ये निकोल ओरेमने त्याची आकृती काढली. आयत आणि त्रिकोण. चौकटीत लाल पेनाने लिहायची समीकरणं तेव्हा नव्हतीच.

या सगळ्याआधी, स्वाध्याय द्यायच्याही आधी, मी एक तास प्रयोगशाळेत घालवते. सामान साधं: इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते ती वायरिंगची केसिंग पट्टी, झाकण काढलेली, आणि गॅरेजमधून आणलेला बेअरिंगचा छर्रा. पट्टीच्या एका टोकाखाली जाड जर्नल ठेवायची. इतकाच चढ पुरे. जास्त दिला तर छर्रा असा जातो की कुणाला काही दिसत नाही. पट्टीवर आडवे बारीक दोरे बांधायचे. छर्रा दोऱ्यावरून गेला की टिक आवाज येतो. आधी दोरे सारख्या अंतरावर. टिक, टिक, टिक-टिक असे आवाज घाईने जवळ येत जातात. मग काम एकच: आवाज एका लयीत येईपर्यंत दोरे सरकवायचे. घड्याळ नाही, सूत्र नाही, आकडा नाही.

ही कल्पना माझी नाही. गॅलिलिओने 1638 साली लायडनला छापलेल्या आपल्या पुस्तकात उतरत्या पन्हळीचा प्रयोग सांगितला आहे: बारा हात लांबीची तुळई, तिच्यात कोरलेली खाच, खाचेत गुळगुळीत चर्मपत्र, त्यावरून सोडलेला कांस्याचा गोळा. वेळ मोजायला भांड्यातून बारीक धारेने पडणारं पाणी, ते पाणी नंतर तोलायचं. पण त्याच्या हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्या स्टिलमन ड्रेकने 1975 मध्ये असा तर्क मांडला की आधी गॅलिलिओने पन्हळीवर तंतुवाद्याच्या पडद्यांसारख्या तारा बांधून कानानेच लय जुळवली असावी. त्याचे वडील ल्यूट वाजवणारे, तोही वाजवायचा. तर्कच आहे, पण मला आवडतो, आणि आमच्या प्रयोगशाळेत तो चालतो.

यंदा तो चालवला एका ढोलकीवाल्याने. गावच्या भजनी मंडळात वाजवतो. वर्गात त्याचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. गटातली बाकीची मुलं दोरे अंदाजाने सरकवत होती आणि ‘आता झालं’, ‘नाही झालं’ चाललं होतं. त्याने पुढे होऊन विचारलं, ‘सम कुठं धरलीय?’ कुणालाच कळलं नाही. तो म्हणाला, पहिला ठोका छर्रा सोडतानाचा पाहिजे. तुम्ही पहिल्या दोऱ्यापासून मोजताय, म्हणून जुळत नाहीये. मग त्याने बाकावर बोटाने ठेका धरला, समेवर छर्रा सोडायला लावला आणि प्रत्येक दोरा आपल्या ठेक्यावर येईपर्यंत सरकवत राहिला. उशिरा वाजला तर दोरा वर, लवकर वाजला तर खाली. शेवटी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. पट्टीवर फूटपट्टी लावली तेव्हा अंतरं निघाली दहा सेंटिमीटर, एकोणतीस, एक्कावन्न, सत्तरच्या जरा अलीकडे.

एक, तीन, पाच, सात. क्लासच्या नोट्समध्ये ‘एनव्या सेकंदातलं अंतर’ असं एक सूत्र असतं: यू अधिक ए भागिले दोन, गुणिले दोन एन वजा एक. बहुतेकांना पाठ. त्यात यू शून्य घातला की याच विषम संख्या बाहेर पडतात. ते त्यांना सांगितल्यावर नोट्स उघडून खात्री करून घेण्यात आली. ढोलकीवाल्याने मात्र नोट्स बघितल्या नाहीत, तो दुसऱ्या चढावर तेच होतं का ते बघत होता. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं ते आधीच झालं होतं. घड्याळ कधी सुरू करायचं हे त्याने मला विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटलंच नाही.

आता माझ्या स्वाध्यायाच्या पहिल्या पानावर आकडे चालत नाहीत. घटनेचं चित्र, बाण, शून्याची खूण, घड्याळ कधी सुरू केलं ते एका वाक्यात, आणि सोडून दिलेल्या गोष्टींची यादी. मराठीत लिहिलं तरी चालेल, चित्र वेडंवाकडं असलं तरी चालेल. दुसऱ्या पानापासून काय करायचं ते करा. यावर माझ्या सहकाऱ्याचा आक्षेप असा की सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्री मिळून शंभर प्रश्नांना नव्वद मिनिटं असतात; एका प्रश्नाला मिनिटही येत नाही, तिथे तुझी मुलं चित्रं काढत बसणार का? तो चुकीचं बोलत नाही. बारावीच्या उजळणीत मीही त्याच्याच पद्धतीने शिकवते, झटपट. फरक इतकाच की ज्यांनी अकरावीत चित्रं काढली ती मुलं झटपट करताना चिन्हांवर कमी अडतात, असं मला दिसतं. त्याला तसं दिसत नाही. आम्ही दोघांनी ते मोजलेलं नाही.

पालकांचीही कुजबुज असते. एका वडिलांनी वही घेऊन येऊन विचारलं होतं, ‘मॅडम, हे फिजिक्स आहे का ड्रॉइंग?’ वही त्या गाडीवाल्याची होती. मी त्यांना ट्रॅक्टरचं पान दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘पण याच्यात ट्रॉल्या कुठायत?’

ते स्वतः हंगामात ट्रॅक्टर चालवतात. प्रश्न रास्त होता. आमच्याकडे ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. ‘गाठलं’ म्हणजे मागच्या ट्रॉलीच्या टोकाला की ट्रॅक्टरच्या तोंडाला? ठिपक्याला लांबी नसते म्हणून आम्ही ती सोडून दिली होती. दुसऱ्या दिवशी तो मुलगा आणि दोन मैत्रिणी कारखान्याच्या काट्यासमोर रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांपाशी टेप घेऊन गेले. प्रत्येक गाडीची लांबी वेगळी निघाली, म्हणून त्यांनी पंधरा मीटर धरायचं ठरवलं. स्वतःच ठरवलं. शून्य ट्रॅक्टरच्या तोंडापाशी घेतलं आणि घड्याळ तोंड टपरीसमोर आलं तेव्हा सुरू केलं. या हिशोबात मागचं टोक टपरीच्या पंधरा मीटर अलीकडे असतं, आणि तोंडाला गाठायला दहाच सेकंद लागतात. मग एकीने घड्याळ बदललं: मागचं टोक टपरीसमोरून गेल्यावर सुरू करायचं, कारण तोवर निघायला रस्ता मोकळाच नाही. आता तोंड पंधरा मीटर पुढे. टी² − 10टी − 30 = 0. साधारण 12.4 सेकंद, 77 मीटर, आणि तोवर गाडी ताशी 45च्या आसपास. दुप्पटीचा नियम मोडला म्हणून गाडीवाला जरा नाराज झाला. मग त्याच्या लक्षात आलं की दोघं एका जागेवरून निघालेच नव्हते.

रांगेतल्या एका ड्रायव्हरने त्यांना विचारलं होतं, मोजताय कशाला? त्यांनी गणित सांगितलं. तो म्हणाला, भरलेली मागची ट्रॉली डुलते, तिला चिकटून सरळ कुणी जात नाही. आधी बाजूला घ्यायची, मग पुढं काढायची. हे वाक्य त्यांनी ‘सोडून दिलेल्या गोष्टी’ या यादीत लिहून आणलं. वर्गात त्यावरून वाद पेटला. एकीचं म्हणणं, बाजूला घेणं सोडून देता येणार नाही, तेच तर ओव्हरटेक आहे. दुसरा म्हणाला, मग रस्त्याच्या लांबीला एक दिशा धरलीय, बाजूला सरकायला ती कशी पुरेल? मला त्या तासाला त्याच धड्याचा पुढचा भाग सुरू करायचा होता, प्रतलातील गती. खडू घेऊन फळ्याकडे वळेपर्यंत तिने वहीतल्या रस्त्यावर काटकोनात दुसरा बाण काढला होता, आणि त्यातली प्लस बाजू डावीकडची धरली होती.